मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या घरांना दोन दारं असतात. एक पुढचं. त्याला तोरण असतं, शुभ-लाभ असतं, दिवाळीत पणत्या असतात, आणि त्यातून फक्त पाहुणे आणि पिझ्झावाला येतो. दुसरं गॅरेजमधून घरात उघडणारं. त्याला काही नसतं, पण घरातली सगळी माणसं दिवसातून दहा वेळा त्यातूनच ये-जा करतात. आता गंमत बघा. पहिल्या दाराला दोन-दोन कुलपं, बेलमध्ये कॅमेरा, वर दिवा, अंगणात सिक्युरिटी कंपनीची पाटी. दुसऱ्या दाराला कुलूप असलं तरी लावलेलं नसतं. रात्रीसुद्धा नाही, घर सोडून फिरायला गेलं तरी नाही!

ज्या दारातून तुम्ही रोज आत येता तेच तुमच्या घराचं मुख्य दार. पुढचं दार ही नुसती शोभा. शोभेला कुलूप आणि मुख्य दार सताड मोकळं, हा आमच्या सुशिक्षित, पगारदार, कॉम्प्युटर कोळून प्यायलेल्या पिढीचा कारभार आहे. या विषयावर मी घरोघरी वाद घातलेत, आता लिहूनच काढते. लेख थोडा तिखट होणार आहे, नातेवाइकांनी राग मानू नये. (मानला तरी चालेल, पण कुलूप लावा.)

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगते. तिकडच्या उपनगरांत गाडीची खोली घराला चिकटूनच बांधलेली असते. पुढे साधारण सोळा फूट रुंद आणि सात फूट उंच असं वर सरकत जाणारं मोठं दार, आणि आतल्या भिंतीत घरात जायचं एक साधं दार. त्याला आपण 'मधलं दार' म्हणू. बटण दाबलं की मोठं दार घरघरत वर जातं, गाडी आत येते, पुन्हा बटण दाबलं की दार खाली. मग मधल्या दारानं थेट स्वयंपाकघराजवळच्या बोळात. बर्फाच्या प्रदेशात ही सोय फार मोलाची आहे. झोपलेलं मूल उचलून न्यायला बरं, पावसात भाजी भिजत नाही, कडाक्याच्या थंडीत गाडीची काच खरवडावी लागत नाही. माझं भांडण गॅरेजशी नाही. माझं भांडण मधलं दार उघडं टाकणाऱ्यांशी आहे.

लेकीकडे, भाच्याकडे, पुतण्याकडे असं करत न्यू जर्सी आणि टेक्ससमध्ये माझं बरंच राहणं झालं. शाळा सुटताना वर्गाची दारं-खिडक्या बघून मगच निघायचं, ही सवय हाडात मुरलेली. त्यामुळे जिथे मुक्काम असेल तिथे झोपण्याआधी मी मधल्या दाराची मूठ फिरवून बघते. दार उघडतं. विचारलं की ठरलेली चार उत्तरं मिळतात. पस्तीस वर्षं "बाई, वही घरी राहिली" ऐकलेल्या बाईला ठरलेली उत्तरं लगेच ओळखू येतात! तेव्हा ती चारही उत्तरं तपासायला घेऊ.

उत्तर पहिलं : "मावशी, मोठं दार बंद असतं ना!"

बंद असतं. कुलूपबंद नसतं. या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ते मोठं दार म्हणजे पातळ पत्र्याच्या आडव्या फळ्या एकमेकींना बिजागऱ्यांनी जोडलेल्या. त्याला धरून ठेवणारं काय, तर छताला टांगलेली मोटर आणि तिच्या साखळीवर किंवा पट्ट्यावर सरकणारा एक आकडा. हे यंत्र बनवताना फार विचार केलेला आहे, पण तो चोराचा नाही, माणूस चिरडू नये याचा आहे. १९९३ पासून अमेरिकेत घरगुती दारांसाठी बनणाऱ्या या यंत्रांवर तसं बंधनच आहे, की खाली मूल आलं तर दार उलट फिरलं पाहिजे. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत ते लुकलुकणारे डोळे असतात ते त्यासाठीच. आणि वीज गेली किंवा कुणी आत अडकलं तर हातानं दार उघडता यावं म्हणून वरून एक लाल मुठीची दोरी लोंबत असते. ती ओढली की मोटर आणि दार यांची फारकत होते आणि दार हातानं वर उचलता येतं.

ही दोरी जीव वाचवणारी आहे, तिच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण तीच कळ बाहेरूनही ओढता येते! दाराच्या वरच्या कडेला रबरी पट्टी असते, तिथे थोडं आत ढकललं की फट पडते. त्या फटीतून कपड्यांच्या हँगरची वाकवलेली तार आत घातली, कळीला अडकवली आणि ओढली, की झालं. सराव असलेल्याला काही सेकंद पुरतात. "अहो, तुम्ही चोरांना शिकवताय" असं एका विहीणबाईंनी मला सुनावलं. चोरांना हे केव्हाचं ठाऊक आहे, विहीणबाई. ठाऊक नाही ते घरमालकांना.

आता रिमोटकडे या. गॅरेज बांधलं गाडीसाठी, आणि आत काय असतं? टीव्हीचं रिकामं खोकं (वॉरंटी आहे ना!), कपडे वाळत घालायचं ट्रेडमिल, गणपतीचं मखर, तीन सायकली, बागेची अवजारं, सेलमध्ये आणलेले पाण्याच्या बाटल्यांचे ढीग. गाडीला जागाच उरत नाही. मग गाडी बाहेर ड्राइव्हवेवर, आणि गाडीत, डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून पट्टी असते तिला, चिमट्यानं अडकवलेला रिमोट. म्हणजे घराची किल्ली रस्त्यावर, एका काचेमागे. शिवाय गाडीच्या खणात गाडीची कागदपत्रं, त्यांवर घराचा पत्ता. गाडी न्यू यॉर्कला जाणाऱ्या ट्रेनच्या स्टेशनवर उभी असेल तर आणखीच छान! काच फोडणाऱ्याला किल्ली मिळाली, पत्ता मिळाला, आणि मालक संध्याकाळपर्यंत परतणार नाही हेही कळलं.

आणि यंत्र जुनं असेल तर रिमोट चोरायचीही गरज नाही. जुन्या रिमोटमध्ये बारीक खटक्यांची एक ओळ असायची, आठ ते बारा खटक्यांची. प्रत्येक खटका वर किंवा खाली. बारा खटक्यांचे प्रकार किती? आठवीतलं गणित : दोनचा बारावा घात, चार हजार शहाण्णव. माणसाला हा आकडा मोठा वाटतो, यंत्राला नाही. २०१५ मध्ये सॅमी कामकर नावाच्या सुरक्षा-संशोधकानं मुलींसाठी बनवलेलं एक जुनं खेळण्यातलं यंत्र थोडं बदलून दाखवून दिलं, की असली ठरावीक संकेताची दारं दहा सेकंदांच्या आत उघडता येतात. (त्यानं आपला प्रोग्राम मुद्दाम अर्धवट ठेवून प्रसिद्ध केला, कुणी गैरवापर करू नये म्हणून.) १९९०च्या दशकाच्या मध्यापासून दर वेळी संकेत बदलणारी यंत्रं आली, ती पुष्कळ बरी. पण जुनं घर घेताना ग्रॅनाइटचा ओटा निरखून बघणारे आमचे लोक छताला टांगलेलं यंत्र कोणत्या साली बसवलंय ते बघतात का? आणि आधीच्या मालकाकडे, त्याच्या मुलांकडे, त्याच्या साफसफाईवालीकडे किती रिमोट राहिलेत, हे विचारतात का? पुढच्या दाराचं कुलूप मात्र पहिल्याच आठवड्यात बदलतात!

आणि सगळ्यात सोपी वाट राहिलीच. दार नुसतं उघडं राहतं. गवत कापायला यंत्र बाहेर काढलं, फोन आला, माणूस आत गेला, विसरला. मुलं सायकली घेऊन गेली, विसरली. संध्याकाळी फिरायला निघाले की मी वाटेत उघडी गॅरेजं मोजते. एकही फेरी शून्यावर संपलेली नाही.

तेव्हा "मोठं दार बंद असतं ना" हे उत्तर नापास. मोठं दार हे फाटक समजा. फाटकाला कडी असते म्हणून कुणी घराचं दार उघडं टाकून झोपतं का?

उत्तर दुसरं : "आमचा एरिया चांगला आहे."

चांगला एरिया म्हणजे काय, तर दिवसभर घरं रिकामी आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. नाशिकला आमच्या गल्लीत अनोळखी माणूस शिरला तर चार खिडक्यांतून "कोण पाहिजे?" विचारलं जातं. तिकडे कुणी भरदुपारी तुमच्या गॅरेजात शिरून दार खाली केलं, तर शेजाऱ्याला वाटणार तुम्हीच आलात. दार खाली झालं की आतला माणूस कुणालाही दिसत नाही. आत शिडी आहे, पहार आहे, ड्रिल मशीन आहे, सगळी साधनं मालकानंच मांडून ठेवलेली. मधलं दार बंद असलं तरी ते फोडायला निवांत वेळ आहे. आणि ते उघडंच असेल तर? मग फोडायचाही त्रास नाही.

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेच्या एफबीआयनं २०१९ची आकडेवारी दिली, तिच्यात नोंदलेल्या घरफोड्यांपैकी (दुकानं वगैरे धरून) जवळजवळ ३८ टक्क्यांमध्ये काही फोडावंच लागलं नव्हतं. दार किंवा खिडकी उघडी, चोर आत. शंभरातले अडतीस! आपण 'घरफोडी' म्हणतो, पण फोडण्याचे कष्टसुद्धा मालकानं वाचवलेले.

त्यात आपल्या लोकांची आणखी एक गोष्ट. आपल्याकडे सोनं असतं, आणि ते असतं हे जगाला माहीत आहे. २०११ ते २०१४ या काळात अनेक राज्यांत भारतीय आणि इतर आशियाई वंशाच्या कुटुंबांची घरं हेरून लुटणारी एक टोळी होती. तिच्या म्होरक्या बाईला मिशिगनमधल्या फेडरल न्यायालयानं २०१९ मध्ये ३७ वर्षांची शिक्षा दिली. ते दरोडेखोर गॅरेजमधून शिरले असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच, की आपण नजरेत आहोत. आणि "इन्शुरन्स आहे की" म्हणणाऱ्या जावईबापूंनी आपली पॉलिसी काढून वाचावी. तिकडच्या नेहमीच्या घरविम्यात चोरीला गेलेल्या दागिन्यांची मर्यादा साधारण पंधराशे डॉलर असते, वेगळी यादी देऊन वेगळा हप्ता भरला नसेल तर. आजच्या भावात त्यात धड दोन तोळेसुद्धा येत नाहीत. आजेसासूबाईंच्या पाटल्या पुन्हा घडवून आणायची सोय तर कुठल्याच पॉलिसीत नाही.

उत्तर तिसरं : "कॅमेरे लावलेत ना!"

हे उत्तर सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं आणि माझा सगळ्यात जास्त राग याच्यावर आहे.

एकदा भाचीच्या घरी मी असताना एका कंपनीचा विक्रेता आला. कंपनीचं नाव नको. गोड बोलणारा मुलगा, हातात टॅब. पुढच्या दाराला एक कॅमेरा, मागच्या अंगणाला एक, ड्राइव्हवेला एक, वर महिन्याची फी. मी भाचीला म्हटलं, त्याला विचार, त्या मधल्या दारासाठी काय आहे तुझ्याकडे? तिनं विचारलं. तो म्हणाला, दार उघडलं की फोनवर सूचना येईल असं सेन्सर बसवू. मी म्हटलं, सूचना नको, दार उघडूच नये असं काही आहे का? तो हसला. "मॅम, वी डोंट डू लॉक्स." म्हणजे घराच्या सुरक्षेचा धंदा, आणि कुलूप विकत नाही! का विकेल? कुलूप एकदा घेतलं की वीस वर्षं फी नाही.

कॅमेरा वाईट असं मी म्हणत नाही. दाराशी ठेवलेली पार्सलं उचलणारा दिसतो, पोलिसांना चित्र मिळतं, एकट्या बाईला दार न उघडता कोण आलंय ते कळतं. चांगलंच आहे. पण कॅमेरा म्हणजे हजेरीपट. कोण आलं, कधी आलं, किती वेळ थांबलं, याची चोख नोंद. हजेरीपट चोख ठेवला म्हणून वर्ग शिकत नाही, तसंच कॅमेरा लावला म्हणून चोर थांबत नाही. तो टोपी पुढे ओढतो आणि कामाला लागतो. तुम्ही ऑफिसच्या मीटिंगमध्ये, फोन खिशात थरथरतोय, दिवसातली तिसावी सूचना. पहिल्या एकोणतीस खारी आणि टपालवाला. तिसावी कोण बघतो?

आणि मधल्या दाराचं सेन्सर? ते बहुतेक घरांत बंद करून ठेवलेलं असतं. का, तर दर वेळी टिंग वाजतं, डोकं उठतं. बरोबरच आहे, दिवसातून दहा वेळा वापरायचं दार ना ते! म्हणजे जे दार सर्वांत जास्त वापरात, त्याची राखण सर्वांत आधी बंद. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण मी मुलांना शिकवायचे तेव्हा उदाहरण शोधावं लागायचं. आता लागलं नसतं.

उत्तर चौथं : "हातात सामान असतं, किल्ली कोण काढत बसणार?"

हे एकच उत्तर मला प्रामाणिक वाटतं. बाकीची तीन याचंच लुगडं नेसून येतात. खरी गोष्ट एवढीच, की कंटाळा.

तर याला उपाय आहे, आणि स्वस्त आहे. आकडे दाबून उघडायचं कुलूप मिळतं. दार लागलं की ते काही सेकंदांनी आपोआप बंद होतं, आत येताना चार आकडे दाबायचे, किल्ली नको. एका कॅमेऱ्याच्या किमतीत दाराला बसतं. आतून मात्र नुसत्या हातानं फिरवायची कळच पाहिजे. आतूनही किल्ली लागेल असलं कुलूप चुकूनही बसवू नका. आग लागली तर अंधारात, धुरात किल्ली शोधत बसाल.

आगीचं निघालंच आहे तर या दाराबद्दलची महत्त्वाची गोष्ट सांगते. बहुतेक राज्यं थोड्याफार फरकानं घरबांधणीची जी नियमावली वापरतात, तिच्यात नेमक्या या मधल्या दाराचा उल्लेख आहे. ते भरीव लाकडाचं किंवा भरीव पोलादी, निदान एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच जाड, नाहीतर वीस मिनिटं आगीला तोंड देणारं हवं. अलीकडच्या आवृत्त्यांत ते आपोआप मिटणारं हवं असंही आहे. आणि गॅरेजमधून थेट झोपायच्या खोलीत दार काढायचं नाही. कारण उघड आहे. गॅरेजमध्ये पेट्रोल, रंगाचे डबे, बॅटऱ्या. आग तिथे लागली तर घरातल्यांना बाहेर पडायला हे दार वेळ मिळवून देतं. तिथे गाडी सुरू राहिली तर तिचा विषारी धूरही हेच दार अडवतं. गंमत नाही ती. किल्ली न फिरवता बटणानं सुरू होणाऱ्या गाड्या आल्यापासून, गाडी बंद करायला विसरून घरातली माणसं झोपेत गेल्याच्या घटना आहेत. न्यू यॉर्क टाइम्सनं २०१८ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा २००६पासून असे दोन डझनांहून अधिक बळी निघाले. त्यांत म्हातारी माणसं बरीच.

म्हणजे चोर, आग आणि विषारी वायू या तिघांच्या आणि तुमच्या मध्ये उभं असलेलं दार हे एकच. बांधणाऱ्यानं नियमाप्रमाणे जाड दार बसवलं, आपोआप मिटणारी बिजागरी बसवली. आणि आपली मंडळी काय करतात? दार सारखं मिटतं म्हणून त्याला वीस पौंडांची बासमतीची पिशवी टेकवून ठेवतात! काही ठिकाणी बिजागरीची स्प्रिंगच सैल करून टाकलेली पाहिली. एका घरी तर मांजरासाठी खाली भोक पाडलेलं. मांजराची सोय झाली, आगीचीही झाली.

आता कुणी म्हणेल, एवढं भ्यायचं कशाला, घराचा काय किल्ला करायचाय? किल्ल्याचं नाव काढलंत ते बरं झालं. सिंहगडावर पुणे दरवाज्यानं चढलेल्यांनी आठवून पाहावं, एकामागून एक तीन दरवाजे लागतात. का? पहिला पडला तर दुसरा असावा म्हणून. बांधणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं, की एखादा दरवाजा कधीतरी पडणार. याला भित्रेपणा म्हणत नाहीत, याला हिशेब म्हणतात. आणि तीन दरवाजे होते म्हणून गडावरच्या माणसांना रात्री झोप लागत असेल. माझं तर म्हणणं आहे, भ्यालेली माणसं तुम्ही आहात! दिवसभर फोनमध्ये स्वतःच्या अंगणाचं चित्र बघत बसणारी. कुलूप लावणारा माणूस कुलूप लावतो आणि विसरून जातो.

यात माझा स्वार्थ आहे, तोही सांगून टाकते. सकाळी आठला तुम्ही कामावर जाता. घरी कोण उरतं? भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील, आणि कधीकधी शाळेत न जाणारं लहान मूल. दुपारी आजी मुलाला घेऊन वरच्या खोलीत पडलेली असते. खाली मोठं दार घरघरतं. आजीला वाटतं, आज लवकर आला वाटतं, चहा टाकावा. ती खाली येते. ती कुणाला सामोरी जाते, हे तुमच्या मधल्या दारावर अवलंबून आहे. चोराला बहुधा घरात कुणी नको असतं, समोर माणूस दिसलं की तोही दचकतो. पण दचकलेला चोर आणि सत्तरीची बाई यांची गाठ जिन्यात पडू नये, यासाठी चार आकडे दाबायचा कंटाळा करू नये, एवढंच माझं मागणं आहे. तुमचा टीव्ही गेला तर दुसरा येईल.

तेव्हा आता कामाचं. करायच्या गोष्टी मी माझ्या पसंतीच्या क्रमानं देते, पहिलीला पैसे लागत नाहीत.

१. मधल्या दाराला कुलूप असेल तर आज रात्रीपासून लावा. नसेल तर डेडबोल्ट बसवा, आकड्यांचा किंवा साधा, आतून हातानं फिरणारा. बोल्ट ज्या पट्टीत शिरतो तिचे आखूड स्क्रू काढून तीन इंची घाला, म्हणजे ते नुसत्या चौकटीत न राहता मागच्या लाकडात रुततील. तांदळाची पिशवी स्वयंपाकघरात न्या.

२. गाडीतला रिमोट काढा. किल्लीच्या जुडग्यात बसेल असा छोटा मिळतो, तो वापरा. गाडी किंवा रिमोट चोरीला गेला, किंवा जुनं घर विकत घेतलं, तर छताच्या यंत्रातले सगळे जुने संकेत पुसून नव्यानं घाला. पुष्कळ यंत्रांवर त्यासाठी एक 'लर्न' बटण असतं, पुस्तिकेत कृती दिलेली असते. यंत्र खटक्यांच्या जमान्यातलं असेल तर बदलून टाका.

३. लाल दोरीच्या कळीभोवती बसवायचं प्लॅस्टिकचं आडोशाचं तावदान मिळतं, ते बसवा. बाहेरून घातलेली तार मग कळीपर्यंत पोचत नाही. दोरी मात्र कापू नका, बांधून टाकू नका. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वणव्यांच्या वेळी वीज गेली आणि काहींना गॅरेजचं दार उघडता आलं नाही, माणसं दगावली. त्यानंतर त्या राज्यानं २०१९ पासून नव्या यंत्रांना बॅटरी सक्तीची केली. आत अडकलेल्या माणसाला ती दोरी हवीच.

४. ठरावीक वेळानं आपोआप बंद होईल अशी सोय यंत्रात असेल तर ती चालू करा. विसराळूपणावर उपदेशानं इलाज होत नाही, हे पस्तीस वर्षांत शिकले.

५. गॅरेजला बाजूनं आणखी एक दार असतं, कचऱ्याच्या डब्यांपाशी, रस्त्यावरून न दिसणारं. त्याचं कुलूप बहुतेक घरांत सगळ्यात फुसकं. त्यालाही पहिल्याच कलमातला उपचार. खिडकी असेल तर दुधी कागद लावा, म्हणजे गाडी आहे की नाही ते बाहेरून दिसणार नाही.

६. भारतात यायला निघाल, तेव्हा मोठ्या दाराच्या आतली आडवी कडी रुळात सरकवा आणि यंत्राचा प्लग काढा. (कडी लावून यंत्र चालू ठेवलं आणि कुणी बटण दाबलं, तर मोटर आणि कडी यांची मारामारी होते, दार वाकतं.)

हे सगळं उरकलं, की मग खुशाल कॅमेरे लावा. पाच लावा. माझी काही हरकत नाही. पण आधी बोळा मोरीला आणि मग कधीतरी दरवाजा, हा क्रम बंद.

हिवाळ्याच्या सुट्टीत बरीच मंडळी महिनाभर इकडे येतात. लग्नं असतात, दागिने काढून आणायचे असतात, निघताना घाई, चार बॅगा, वजनकाटा, टॅक्सी दारात. टॅक्सी उभी असते गॅरेजसमोर. सगळे बाहेर पडतात गॅरेजमधूनच. शेवटचा माणूस भिंतीवरचं बटण दाबतो आणि खाली येणाऱ्या दाराखालून वाकून पळत बाहेर येतो, सगळे हसतात. आणि मधलं दार? ते तसंच. महिनाभर.

यंदा निघताना त्या दाराची मूठ एकदा फिरवून बघा. पुढच्या खेपेला मी तिकडे आले की प्रत्येकाच्या घरी पहिल्याच रात्री तपासणी आहे. दार उघडलं, तर घरमालकाला अंगठे धरून उभं करीन. जावई असला तरी.